माननीयांनी मंचावर यावे

"…आणि माजी नगरसेवकांचे माननीय मेहुणे, कृपया मंचावर यावे!"

निवेदक कुया पुलोंगचा आवाज कर्ण्यातून चौकभर घुमला. बांबूच्या मंचावर आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. तेओफिलो गातदुला अंग चोरून कडेला उभा होता. अनेकदा आपटी खाल्ल्यावर यंदा कुठे तो नगरसेवक झाला होता. सणाच्या दिवशी, बायकोच्या देखत, माइकवरून आपल्याला 'माननीय' म्हणतील म्हणून त्याने नवा बारोंग सदरा शिवून घेतला होता. पुकारा झालाही. पण महापौरांच्या ड्रायव्हरनंतर. माननीय ड्रायव्हरनंतर.

तो निवेदकाच्या कानाशी लागला. "अहो कुया, निवडून आलेले आम्ही मूठभर. बाकीचे कसले माननीय?"

पुलोंगने माइकवर हात धरला. "तेओ, एकाला गाळलं तर तो पुढच्या सणापर्यंत तोंड फिरवून बसतो. म्हणायला माझं काय जातंय?" हात काढून तो पुन्हा गरजला, "पाणीपुरवठ्याचे माननीय पहारेकरी!"

पहारेकरी चढला. मागोमाग त्याची बायकोही चढली. आदल्या दिवशीच्या पावसाने जमीन भुसभुशीत झाली होती. मंच कुरकुरला आणि एका अंगाला कलला.

"वजन झालंय!" खालून सुतार बोंबलला. "निम्मे तरी उतरा!"

पुलोंगची पाचावर धारण बसली. "कृपया, जे खरे माननीय नाहीत, त्यांनी ताबडतोब खाली उतरावे!"

कोणी हललं नाही. मेहुण्याने आभाळाकडे पाहिलं. ड्रायव्हरने छाती आणखी पुढे काढली. पहारेकऱ्याच्या बायकोने शेजारणीकडे रोखून पाहिलं, तशी ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? तू उतर की!"

तेओही जागचा हलला नाही. त्याला उतरायचं कारणच नव्हतं. तो खरा होता. मग फळ्यांच्या फटीतून त्याला खाली त्याची सासू दिसली. भाजलेल्या डुकरावरच्या माशा वारायला बसवलेली नानाय ग्रेगोरिया मंचाखालच्या सावलीत, खुर्चीत, तोंड उघडं टाकून घोरत होती.

तेओने उडी मारली. बारोंग खिळ्यात अडकून टर्रकन फाटला.

"तेओ उतरला!" गर्दीत कोणीतरी ओरडलं. "अरे, तेओ खोटा निघाला!" सगळा चौक खदाखदा हसू लागला.

तेओचे कान तापले. 'मी खरा आहे' असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण वेळ कुठे होता? तो मंचाखाली घुसला आणि सासूला खुर्चीसकट ओढत बाहेर घेऊन आला. त्याची बायको लुझविमिंदा पळत आली आणि तिने डुक्कर वाचवलं.

मंच कडकडत खाली बसला. झाडून सारे माननीय घसरगुंडीवरून यावेत तसे एकामागून एक चिखलात आले. लागलं कुणालाच नाही. फक्त ड्रायव्हर कोण आणि नगरसेवक कोण, ते ओळखू येईना.

नानाय ग्रेगोरियाने डोळे चोळले. काय झालं ते चारपाच बायकांनी तिला एकदमच सांगितलं. तिने जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे सगळ्यांत तू एकटा उतरलास?"

"नानाय, ऐका तरी. मी उतरलो ते तुमच्यासाठी. मी खरोखरचा…"

"गप रे. तू खरा माननीय नाहीस, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तर आजवर एकदाही तुला मत दिलं नाही." तिने रुमालाने त्याच्या गालावरचा चिखल पुसला. "पण चारचौघांत कबूल केलंस. पुढच्या खेपेला मत तुलाच."