ओढ्याच्या तोंडावरचं जाळं

ओढा जिथे तलावाला मिळतो, तिथे या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणलेलं होतं. सुनेनं वल्हं थांबवलं. होडीतले पाहुणे दुर्बिणी सरसावून बसले होते. जाळं कोणाचं, हे विचारायलाच नको. काठावरच्या दगडावर सासूबाई ठाण मांडून बसल्या होत्या, मांडीवर काठी आडवी.

सुनेचं डोकं भणाणलं. पाणमांजरं बघायला लांबून पाहुणे येऊ लागले, तेव्हा गावानं होडी तिच्या हाती दिली होती. पण हंगाम सुरू झाला आणि पाणमांजरं गडप झाली. फेऱ्या रिकाम्या जाऊ लागल्या. आजचीही तशीच गेली, तर गाव होडी दुसऱ्या कोणाला देणार होतं. सगळा तलाव पालथा घालून झाला होता. उरला होता फक्त हा ओढा.

आणि सासूबाईंचं तर पाणमांजरांशी हाडवैर. जन्म मासेमारीत गेलेला. "मेल्यांनी पुन्हा जाळं फाडलं!" या वाक्यानंच त्यांची सकाळ उजाडायची. सुनेशी तरी कुठे गोडीगुलाबी होती? ती बाळंत झाली तेव्हा मैत्रिणी एवढ्या लांबून भेटायला आल्या होत्या. सासूबाईंनी अशीच काठी घेऊन त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. आत खाटेवर सून मुसमुसत राहिली. ती गोष्ट अजून तिच्या मनातून गेली नव्हती.

"पाणमांजरांना धरायला बसलात ना?" ती ओरडली. "माझं चांगलं झालेलं तुम्हाला बघवतच नाही!"

"हळू बोल गं."

सासूबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. टोपलीतला एक चांगला जाडजूड मासा उचलून त्यांनी जाळ्यापलीकडे, काठावरच्या झाडाच्या मुळांपाशी टाकला. "घे, चोरटे, गीळ," त्या पुटपुटल्या. मुळांखालच्या काळोखातून बारीक, चिरके आवाज आले. एकाचे नव्हते, बरेच होते.

"कालच व्यायलीय. परकी चाहूल लागली, तर एकेक पिल्लू तोंडात धरून पळत सुटेल. एखादं मागे राहिलं म्हणजे?"

आता कुठे सुनेचं जाळ्याकडे नीट लक्ष गेलं. ते पाण्याला टेकलंच नव्हतं. चांगलं वीतभर वर बांधलेलं. खालून पाणमांजर सहज निघून जाईल. अडेल ती फक्त होडी.

सासूबाईंच्या हातातल्या काठीकडे ती बघत राहिली. मग तिनं वल्हं उलटं मारलं आणि होडी वळवली.

"अहो, हे काय? आत नाही जायचं?" एक पाहुणा हिरमुसून म्हणाला.

"नाही जाता येणार," सून म्हणाली. "आत बाळंतीण आहे, आणि दाराशी माझ्या सासूबाई."