पुढचा उजवा पाय

घंटा झाली होती, आणि आजोबा लगाम सोडायला तयार नव्हते.

"लंगडतेय ती," ते म्हणाले. "पुढचा उजवा पाय बघ. ठके, उतर खाली."

खोगिरावर बसलेली मुलगी दहा वर्षांची होती, आणि ती ठकी नव्हती. ठकी म्हणजे तिची आई. घोडीही लंगडत नव्हती. सकाळीच घोड्यांच्या डॉक्टरांनी तिचे चारही पाय चाचपून पाहिले होते आणि खुशाल पळवा म्हणून सांगितलं होतं. पण हे आजोबांना सांगून काही उपयोग नव्हता.

या मैदानावरच्या निम्म्या लोकांना घोड्यावर बसायला आजोबांनीच शिकवलं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. नातीलाही त्यांनीच शिकवलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावरचा राग पाहून तिचं नाव मिरची ठेवलं तेही त्यांनीच. मग गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून जायला लागलं. आधी शेजारी गेले, मग जावई गेला, मग मिरची गेली. उरली फक्त ठकी, जी खरं तर कधीच या जगातून गेली होती. "मी ठकी नाही, आजोबा," असं मुलगी रोज सांगायची. चिडून सांगायची, लाडात येऊन सांगायची, एकदा तर रडत रडत सांगितलं. ते सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, ठके."

म्हणून तिला ही स्पर्धा हवी होती. कपाबिपाचं तिला काही नव्हतं. आजोबा कठड्याशी उभे असतील, आपण एकही दांडी न पाडता सगळे अडथळे पार करू, आणि ते ओरडतील, "शाब्बास, मिरची!" एवढंच तिला हवं होतं. मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते आपल्याला एका फेरीत जमेल अशी तिची खात्री होती. त्या वयात असल्या खात्र्या असतात. वडिलांनी बरेच दिवस नन्नाचा पाढा लावला होता. शेवटी कसेबसे हो म्हणाले, पण आत आले नाहीत. बाहेर गाडीतच बसून राहिले, मैदानाकडे पाठ करून.

फाटकावरचा माणूस धावत आला. "अहो, घंटा होऊन गेली! आता घोडं कुठं पेंड खातंय?" मग मास्तरांना पाहून त्याचा आवाज खाली आला. "मास्तर, सोडा हो. पोरीची पहिलीच वेळ आहे. बाद करतील तिला."

मास्तरांनी ऐकलं नाही, तसा तो त्यांची बोटं लगामावरून सोडवायला लागला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता तो, त्यामुळे हलक्या हाताने सोडवत होता. घोडीने कान टवकारले. समोर पहिला अडथळा दिसत होता, निळ्या-पांढऱ्या दांड्यांचा, अगदी बुटका. नुसती टाच लावायचा अवकाश होता.

"ठके, एवढं एक ऐक माझं," आजोबा म्हणाले. "पुन्हा कधी काही मागणार नाही."

आईच्या शेवटच्या स्पर्धेची गोष्ट वडिलांनी मुलीला एकदाच सांगितली होती. त्या स्पर्धेच्या वेळी मुलगी रांगत होती. घोडी लंगडतेय, उतर, असं मास्तर फाटकाशी म्हणाले होते. आई हसली होती. "अप्पा, तुम्हाला सगळेच घोडे लंगडे दिसतात," म्हणाली होती, आणि लगाम सोडवून घेऊन आत गेली होती. दुसऱ्या अडथळ्यावर घोडीचा पुढचा उजवा पाय दुमडला. आई तिच्याखाली सापडली.

मुलीने आजोबांच्या हाताकडे पाहिलं. एकच बोट लगामाला अडकून राहिलं होतं. तिला आजोबांचा राग आला, आईचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं. मिरची व्हायचं तर आत्ताच आत जायला हवं होतं.

तिने रिकिबीतून पाय काढले आणि ती खाली उतरली.

"नाही जात, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय ना, मग नाही जात."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिला हेल्मेटसकट छातीशी धरलं आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. "ऐकलंस," ते परत परत म्हणत होते, "ऐकलंस गं बाई माझं." भोंग्यावरून तिचा नंबर पुकारला गेला. पुन्हा एकदा पुकारला गेला. मग ती बाद झाल्याचं सांगून पुढच्या मुलाला बोलावलं. मुलीने त्यांच्या कोटात तोंड खुपसलं. फाटकावरच्या माणसाने घोडी बाजूला नेली.

थोड्या वेळाने आजोबांनी बाहीने डोळे पुसले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. त्यांनी कठड्याभोवतीची माणसं पाहिली, मैदानातल्या रंगीत दांड्या पाहिल्या, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं होऊन मुलीचा हात धरला.

"चल, ठके, पाय उचल," ते म्हणाले. "आज आपल्या मिरचीची पहिली स्पर्धा आहे. आपण दोघंही दिसलो नाही तर रडेल ती."