बेलभंडारा

"पैशासाठी तालीम सोडणार न्हाई, म्हणा!" आमच्या खालच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे कोच म्हणजे आबा. दर हंगामाला ते देवासमोर आमच्या हातावर बेलभंडारा ठेवून ही शपथ घ्यायला लावायचे. यंदाही लावली.

त्याच संध्याकाळी वरच्या तालमीचा माणूस घरी आला. त्यानं मला दुप्पट मानधन देऊ केलं. मिल बंद पडल्यापासून वडील घरीच. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी भंडाऱ्यानं पिवळा झालेला तळवा दाखवला आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आज पहिलीच मॅच वरच्या तालमीशी. आबा दोन दिवस फिरकले नव्हते. ताप आला असेल म्हणून आम्ही त्यांची खुर्ची मोकळी ठेवली. मैदानात उतरलो. समोरच्या बाकावर, वरच्या तालमीची जर्सी घालून, आबा बसले होते!

मी तसाच धावत गेलो. "आबा, बेलभंडारा उचलला हुता की आपण!"

"तुम्ही उचललासा, लेका," नवी शिट्टी गळ्यात अडकवत आबा म्हणाले. "मी नुसता वाटत हुतो."