शनिवारचं खोकं

शनिवारचं खोकं दारात आलं आणि थोरल्या बहिणीनं नाक मुरडलं. आत चिरलेली भाजी, मोजून भरलेल्या मसाल्याच्या पुड्या आणि वर कृतीचा कागद.

“तीस वर्षं डोळे झाकून स्वयंपाक केलास. आता हे आयतं कशाला गं?”

“असू दे. तू बस, आज हे करणार आहेत,” धाकटी म्हणाली आणि ओट्यापासून मुद्दाम लांब जाऊन बसली.

तिचा नवरा गवंडी. उंच परांचीवर न डगमगता उभा राहणारा माणूस, पण कढईपुढे त्याला घाम फुटला होता. एक पुडी टाकायची, कागदावर बोट ठेवायचं, ओठ हलवायचे, मग पुढची पुडी. तेवढ्यात कांदा करपल्याचा वास सुटला.

“अगं, सांग ना त्यांना काहीतरी!” ताईचा जीव वरखाली झाला.

“अजिबात नाही. वर्षभर दर शनिवारी मीच सांगत होते.”

अखेर त्यानं गॅस बंद केला, कपाळ पुसलं आणि ताटाआधी तो तेलकट कागद बायकोच्या हातात दिला. “संपला,” तो म्हणाला. छाती अशी फुगली होती, जणू इमारतच उभी करून आला होता.

ताईनं घास घेतला. “भाऊजी, कांदा करपलाय हो.”

“करपू दे, ताई.” धाकटीनं कागदाची जपून घडी घातली. “लग्नाच्या नोंदणीत ह्यांनी अंगठा उठवला होता. आज अख्खा कागद एकट्यानं वाचलाय.”