बाजूची सीट

"आई, यावर बाबांचं नाव आहे."

सिमोनाने गाडीचं नोंदणीपुस्तक आईच्या नाकासमोर धरलं. फोस्काने चष्मा लावला, काढला, बाहीला पुसून परत लावला. पहिला मालक, अर्देलियो मान्नेल्ली. जन्मतारीख त्याचीच. पत्ता त्यांच्याच घराचा, तिसरा मजला. खाली चिकटवलेल्या पट्टीवर दुसऱ्या मालकाचं नाव होतं, इवानो. तो आत्ता गॅरेजच्या दारात उभा राहून विकायच्या गाडीचं छत उघडून दाखवत होता.

गाडी पिवळी, दोनच माणसांची, आमच्या लिव्होर्नोच्या कुठल्याही बोळात मावेल एवढी. छत कापडाचं. बटण दाबलं की गोळा होऊन मागे जायचं.

"माझ्या नवऱ्याची गाडी राखाडी होती," फोस्का म्हणाली. "चार दारांची. काचा कायम बंद."

हे खरंच होतं. आमच्या गावात माणसं वादळात होडी घालतील, पण मानेवर झुळूक येऊ देणार नाहीत. अर्देलियोच्या घरी तर याचा कळस होता. ऑगस्टच्या उकाड्यात काचा वर आणि मे महिन्यात गळ्यात मफलर. फोस्काने सेहेचाळीस वर्षं त्याची मान जपली. तो ऑक्टोबरात गेला आणि एप्रिलमध्ये ती, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, उघड्या छताची गाडी बघायला आली. आता जपायला मान उरली नव्हती. लेक सोबत आली होती ती गाडीत काहीतरी खोट काढायला. ती अशी निघाली.

"किती वर्षं होती त्यांच्याकडे?" सिमोनाने विचारलं.

"म्हातारबांकडे? चार. हे गॅरेज माझ्या आईचं, त्यांनी भाड्याने घेतलं होतं. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा मलाच विकली. पण तुम्ही..." इवानो थांबला. त्याने पुस्तकाकडे बघितलं, मग दोघींकडे. "अरे देवा!"

 फोस्का जवळच्या खोक्यावर मटकन बसली. चार वर्षं! ज्याच्या मोज्याचं भोकसुद्धा तिच्या नजरेतून सुटलं नाही, त्या माणसाने एक आख्खी गाडी लपवली. तीही उघडी. तीही पिवळी!

"गाडीला सीट दोन," ती म्हणाली. "दुसरीवर कोण बसायची?"

"आई, जाऊ दे. चल घरी."

"तू गप्प बस. मी याला विचारतेय." सेहेचाळीस वर्षांचा संसार खरा होता की नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि ते सांगू शकेल असा जगात हा एकच माणूस होता. "कोण होती रे? नाव सांग. मी काही मारणार नाही तिला. पळाली तर या गुडघ्यांनी पकडायची कशी?"

इवानोने डोकं खाजवलं.

"कुणी नव्हतं, सिन्योरा. आईची शपथ. मी गाडी घेतली तेव्हा बाजूच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. मी म्हटलं, चार वर्षं झाली, हे काढलं कसं नाही? तर म्हणाले, ती बायकोची जागा आहे."

"मग बायकोला बसवलं का नाही त्याने?"

"म्हणाले, तिला वारा सोसत नाही. लग्न झाल्यापासून तिची मान जपतोय. काच जरा खाली केली की बिचारीचं तोंड उतरतं. गाडीचं सांगितलं तर माझ्यासाठी म्हणून येऊन बसेल आणि आठवडाभर अंथरूण धरेल. त्यापेक्षा नकोच."

 काच खाली गेली की फोस्काचं तोंड उतरायचं, हे खरं होतं. ते त्याच्या मानेच्या काळजीने उतरायचं. लग्नानंतर दोघं एल्बा बेटावर गेले होते. त्या प्रवासात पहिली काच कोणी वर केली, ते तिला काही केल्या आठवेना.

"गाढव," ती शेवटी म्हणाली. "एक तो आणि दुसरी मी."

ती उठली, गाडीला वळसा घालून गेली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसली. समुद्रावरून वारा येत होता.

"सिन्योरा, मान..." इवानो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"घेते मी गाडी," फोस्का म्हणाली. "कागद कर."

सिमोनाचे डोळे भरून आले होते. राग कुणावर काढावा, ते मात्र तिला कळत नव्हतं. "कधी चालवायचे बाबा?" तिने इवानोला विचारलं.

"गुरुवारी. चार ते सहा. सिन्योरा चर्चमध्ये जपमाळेला जायच्या तेव्हा."

"म्हणजे आई, तू तिकडे जपमाळ ओढत होतीस आणि बाबा इकडे..."

"मी कुठली चर्चला जाते!" फोस्का म्हणाली. "तुझा बाप चर्चची पायरी चढायचा नाही, म्हणून चर्चचं नाव सांगायचे. मी जायचे बंदरावर. धक्क्याच्या अगदी टोकाला बसायचे, स्कार्फ पिशवीत कोंबून."

सिमोना आ वासून बघत राहिली. "वाऱ्यात?"

 फोस्का समोरच्या काचेतून बघत होती.

"गुरुवारी घरी आल्या आल्या," ती म्हणाली, "आमचं कंगव्यावरून भांडण व्हायचं. दोघांनाही आधी हवा असायचा."