गरम बॉनेट

पावणेअकराला काचवाले साहेब शोरूममध्ये शिरले आणि बाकावर बसलेल्या बसवाल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

बाई म्हणजे अठ्ठावीस वर्षं शहराची बस चालवून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या. शेजारी त्यांचे यजमान, धंद्याने शिंपी. समोर ती उभी होती. लाल, उघड्या टपाची, दोनच सीटची, चाळीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. शोरूमच्या मालकाने सांगितली ती किंमत बाईंनी कबूल केली होती, घासाघीस नाही की काही नाही. पण साहेबांनी आधी विचारलं होतं, म्हणून मालकाने त्यांना अकरापर्यंतचा शब्द दिलेला. तोवर ते हो म्हणाले तर गाडी त्यांची. नाहीतर बाईंची.

साहेबांकडे अशा चौदा गाड्या, सगळ्या काचेच्या दालनात. चालवत नाहीत हो, नुसत्या पुसतात. काचवाले हे नाव त्यावरूनच पडलं, फक्त तोंडावर कोणी घेत नाही.

बाई मात्र दोन वर्षं दर सुट्टीला इथे यायच्या. मागच्या अंगणात मिस्त्री हीच गाडी उघडून बसलेला असायचा. एकदा लांबूनच आवाज ऐकून त्या म्हणाल्या, एक प्लग मिसिंग मारतोय. मिस्त्रीला राग आला. मग त्याने प्लग काढून पाहिला, आणि पुढच्या वेळेपासून बाईंसाठी एक स्टूल मांडून ठेवू लागला.

तर, साहेबांनी गाडीला फेरी मारली. दार उघडून लावलं, वाकून खालून पाहिलं, मान डोलावली. मालकाचा चेहरा खुलला. बाईंनी यजमानांचा हात असा दाबला की सुई टोचल्यागत त्यांनी तो मागे घेतला. मग साहेबांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम आहे," ते म्हणाले.

या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल, जुनी गाडी गिऱ्हाईकाला दाखवायची ती थंडगार. बॉनेट गरम म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. गाडी थंड असताना सुरू होत नसणार, म्हणून आधीच तापवून ठेवली. साहेब एकदा असेच फसले होते, आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

मालकाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री फडक्याला हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

"सकाळी चालवली का ही?" साहेबांनी विचारलं.

"चालवली. अंगणात पाच फेऱ्या."

"कशाला?"

"गाडी आहे, साहेब."

साहेबांना हे काही पटलं नाही. उद्या सकाळी येतो, थंड इंजिन स्वतः सुरू करून बघतो, मग बोलू, असं म्हणाले. झाली मालकाची पंचाईत! एकीकडे वर्षाला दोन गाड्या नेणारं गिऱ्हाईक, दुसरीकडे जन्मात एकदाच गाडी घेणारी बाई. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दोन मिनिटं होती. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं. मालकाने दोनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाला, शब्द अकरापर्यंतचा होता साहेब, काय ते आत्ताच सांगा.

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग आपल्या तळव्याकडे. "नको," म्हणाले आणि चालते झाले.

मालक मिस्त्रीवर उखडला. तीस वर्षांत तुझ्या हातून अशी चूक झाली नाही, आजच कशी झाली? मिस्त्री म्हणाला, वय झालं आता. पण हे म्हणताना तो हसू दाबत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मालकाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, कपाळावर हात मारून घेतला आणि कागदपत्रं आणायला आत गेला.

बाई गाडीपाशी आल्या आणि त्यांनीही बॉनेटवर हात ठेवला. मिस्त्रीचं फडकं हातातच थांबलं. बाईंनी हात काही उचलला नाही.

"तापवून ठेवलीत होय," त्या म्हणाल्या. "आमच्या डेपोत एक मिस्त्री होते. पहाटेच्या पाळीला माझी गाडी अशीच तयार असायची."

मिस्त्रीला इतका आनंद झाला की तो उगाचच आरसा पुसायला लागला.

सह्या झाल्या. यजमानांनी शिंप्याच्या नजरेने आधीच माप घेऊन सांगितलं होतं, ही सीट मला दोन इंच कमी पडेल. बाई म्हणाल्या होत्या, मग श्वास धरून बसा. ते तसेच बसले, पोट आत ओढून, पिशवी छातीशी धरून. बाईंनी चावी फिरवली. शोरूमच्या काचा थरथरल्या. बाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

पन्नास पावलांवर ती थांबली.

"बंद पडली!" मालक म्हणाला. मिस्त्री धावत फाटकापाशी गेला.

कसली बंद पडतेय! इंजिन छान चालू होतं. गाडी बसथांब्यावर उभी होती, रांगेला अगदी लागून, यजमानांकडचं दार बरोबर पहिल्या माणसासमोर. रांगेतली चार माणसं त्या दोन सीटच्या गाडीकडे टकामका बघत होती. पहिल्याने तर सवयीने सामान उचललंसुद्धा. यजमान बाईंकडे बघायला लागले, तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. त्या खो खो हसल्या, गिअर टाकला आणि हात वर करून रांगेला ओरडून सांगितलं,

"मागची गाडी रिकामी आहे, तिने या!"