विरळ फुलांचं झाड

"मी जातो जागा धरायला," अकागी म्हणाले, आणि सगळा विभाग आपापल्या टेबलाकडे बघू लागला.

चेरी फुलली की विभागाची मेजवानी नदीकाठच्या बागेत व्हायची. सगळ्यात नवख्याने सकाळीच जायचं, एखाद्या झाडाखाली निळी ताडपत्री अंथरायची आणि संध्याकाळपर्यंत राखण करत बसायचं. यंदाच्या नव्या पोरांनी सरळ विचारलं, "हे कामाच्या तासांत धरणार का, मॅडम?" मग राहता राहिले अकागी. एकेकाळचे विभागप्रमुख. निवृत्तीनंतर कंपनीने त्यांना निम्म्या पगारावर परत घेतलेलं, म्हणजे हुद्द्याने आता शेंडेफळ.

आताच्या प्रमुख कुसुनोकीबाई. त्यांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या नवख्या असताना दिवसभर वाऱ्यात कुडकुडत त्यांनी जागा राखली होती. संध्याकाळी अकागी साहेब आले, वर बघितलं, "फुलं विरळ आहेत," म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन बारमध्ये निघून गेले. ताडपत्रीची घडी घालताना बाई एकट्याच रडल्या होत्या. ते शब्द त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवले होते. आज ते परत करायचे होते, सगळ्यांदेखत.

संध्याकाळी बाग नुसती बहरली होती. अकागी मात्र स्वच्छतागृहाच्या मागे, एका रोगट झाडाखाली बसले होते. फांद्या चार आणि फुलं त्याहून जरा जास्त. बूट ताडपत्रीच्या कडेला नीट जोडून ठेवलेले, हात गुडघ्यांवर, नाक थंडीने लाल. पोरं एकमेकांना कोपराने ढोसू लागली.

बाईंनी वर पाहिलं. शब्द अगदी जिभेवर आले. मग त्यांची नजर खाली त्या लाल नाकावर गेली. त्या दिवशी आपलंही असंच झालं होतं, हे त्यांना आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बूट काढले आणि ताडपत्रीवर बसल्या.

"छान जागा आहे, अकागी साहेब. बसा रे सगळे."

अकागींचा चेहरा पडला. बाईंच्या पेल्यात बिअर ओतता ओतता ते हळूच पुटपुटले,

"असं काय करता, बाई? तुम्हाला ते बोलता यावं म्हणून अख्खी बाग पालथी घालून हे झाड शोधलं मी."